डोहाळ्याची बिडी

वहिनी गेली, हे मला आमच्या गावच्या कंडक्टरनं सांगितलं. मेहकर-खामगाव गाडीवर असतो तो, जानेफळचाच. घरचे निरोप, लोणच्याची बरणी, कधी डाळीचं गाठोडं असं काहीबाही माझ्या शाळेच्या फाटकाशी आणून देतो. शाळा नुकतीच उघडली होती. मधल्या सुट्टीत शिपायानं बोलावलं म्हणून मी बाहेर गेले, तर हा रिकाम्या हातानं उभा. रिकाम्या म्हणजे, एका हातात बिडी होतीच. "बाई, तुमची वयनी गेली," तो म्हणाला. "पहाटं गेली. मेहकरच्या दवाखान्यातून कालच घरी आनलं होतं. चला, हेच गाडी परत जाऊन राह्यली." एवढं बोलून त्यानं एक झुरका घेतला आणि माझ्या अंगावर येऊ नये म्हणून तोंड बाजूला करून धूर सोडला. त्याचा तो सभ्यपणा मला अजून आठवतो आणि अजून राग येतो. छातीच्या दुखण्यानं गेलेल्या बाईचा निरोप माणूस बिडी ओढत सांगतो, आणि त्यात काही वावगं आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही... मला तरी त्या वेळी कुठे काही बोलायला सुचलं! मी गाडीत बसले.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे. यमुनावहिनीबद्दल चांगलं लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. ती माझ्या थोरल्या भावाची बायको. मी तिची धाकटी, जरा आगाऊ नणंद. माझ्या शिक्षणासाठी घरात पहिला आवाज तिनं काढला, सासऱ्यासमोर पदर सावरत, पण काढला. तिच्या हातची ज्वारीची भाकरी चंद्रासारखी वगैरे नव्हती, वेडीवाकडीच असायची, पण खाणाऱ्याला ती दुसरी घ्यायला लावायची. हे सगळं लिहायचं म्हणून मी कितीदा बसले. पण बसले की भांडायलाच लागते. रडून झालं, राग तेवढा उरलाय. तेव्हा वाचकांनी माफ करावं, हा लेख थोडा भांडकुदळच होणार आहे.

नवं राज्य झालं त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात ती पिंपळगाव राजाहून लग्न होऊन आमच्याकडे आली. मुंबईबरोबर जाऊन आपलं भलं झालं की वाटोळं, हा वाद आमच्या ओसरीवर तेव्हा अजून चालूच होता, आणि त्या वादापायी रोज बिड्यांचे कट्टेच्या कट्टे संपत. नव्या नवरीला तो धूर सोसायचा नाही. चहा द्यायला ओसरीवर गेली की ती पदराचं टोक नाकाला लावायची. आई म्हणायची, "लय नाजूक हाय आमची सून, धुरानं फुटते." म्हणजे पाहा, बिडीचा वास न सोसणारी बाई आमच्या घरात आली होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे सगळ्यांनी हे सोयीस्कर विसरून टाकलं.

पहिल्यांदा दिवस राहिले आणि तिच्या पोटात काही ठरेना. भाकरीचा तुकडा गेला की उलटी, पाणी गेलं की उलटी. एक दिवस परसात ओकून ओकून दमलेली ती भिंतीला टेकून बसली होती. ओसरीवरून बाबांच्या बिडीचा धूर तिकडे आला आणि ही डोळे मिटून म्हणाली, "हा वास आला का जीव थंडा होते." बस्स, एवढंच बोलली. नाकाला पदर लावणाऱ्या बाईला गरोदरपणात तोच वास गोड लागावा, यात तसं नवल नाही. भिंतीची माती खाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पण आईनं ते ऐकलं, आणि आमच्याकडे डोहाळा ही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नव्हती. आईला तिच्या पहिल्या खेपेला काय खावंसं वाटतं हे कोणी विचारलं नव्हतं. ते मूल पाळण्यातच गेलं. डोहाळा मारला म्हणून गेलं, हे तिनं मनाशी घट्ट धरलं होतं, आणि सुनेच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही हा तिचा पण होता. तिनं स्वतः चुलीतल्या निखाऱ्यावर बिडी पेटवली आणि मागच्या खोलीत नेऊन वहिनीच्या हातात दिली. "घे व, दोन झुरके घे. लेकराचं मागनं हाय हे, तुयं नाई."

लेकराचं मागणं! वहिनीला इतका ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. पण दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा दिली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथा-पाचवा महिना लागला आणि ओकाऱ्या थांबल्या. त्या बहुतेकींच्या तेव्हा थांबतातच, पण श्रेय बिडीला गेलं. मग कसली लाज! डोहाळजेवणाला हिरवं लुगडं नेसून वहिनी पाटावर बसली, बायकांनी ओटीत नारळ घातला, फळं घातली, आणि शेजारच्या सरूकाकूनं पदराआडून बिडीचा एक कट्टा काढून ओटीत टाकला. "हा लेकराचा खाऊ," ती म्हणाली. सगळ्या बायका पोट धरधरून हसल्या. वहिनीही हसली, लाजून लाल झाली. सरूकाकूची जीभ तिखट, पण तिच्यासारखी धावून येणारी शेजारीण शोधून सापडायची नाही. त्या दिवशी त्या घरात कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. मला सगळ्यात जास्त छळतं ते हेच. कोणी दुष्टपणानं केलं असतं तर निदान त्याच्या नावानं बोटं मोडता आली असती.

मुलगी झाली, मंदा. एवढीशी होती. आजोळी तिला कापसात गुंडाळून ठेवत. आमच्याकडे आणल्यावर, डोहाळा राहिला की मूल लाळ गाळतं म्हणतात म्हणून, आई येणाऱ्या-जाणाऱ्याला तिचं तोंड उघडून दाखवायची, "पाहा, लाळ गळते काय? डोहाळा पुरवला ना आमी!" मूल किडमिडीत का, हे कोणी विचारलं नाही. आणि बाळंतीण परत सासरी आली तशी आईनं हुकूम सोडला, आता डोहाळा सरला, बिडी बंद. जणू बिडी म्हणजे मांडवाचा खांब, लग्न झालं की उपटला! वहिनीच्या हाताला, जिभेला, डोक्याला ती लागली होती. ती गोठ्यामागे जाऊन ओढू लागली, चुलीशी बसून चुलीच्या धुरात धूर मिसळू लागली. मग ज्या हातानं बिडी दिली त्याच हातानं आई कपाळ बडवायची, "बाईमान्साले शोभते काय हे?" दोन वर्षांनी बबनच्या वेळी पुन्हा दिवस राहिले, आणि पुन्हा नऊ महिने उजळ माथ्यानं परवानगी! वहिनी मला हळूच म्हणाली होती, "बाई, मले तं वाटते सारखे दिवसच जावो. चोरून तं ओढा लागत नाई." आम्ही दोघी तेव्हा खूप हसलो.

आता आणखी एक गोष्ट सांगते. ती तुमच्याही घरात असेल, म्हणून तुम्हाला तीत काही दिसणार नाही. आमच्याकडे बिडी पेटवून आणणं हे लेकरांचं काम. ओसरीवरून हाक यायची, "जा व मंदे, पेटवून आन." चुलीपासून ओसरीपर्यंत बिडी जळती राहिली पाहिजे, विझली तर पाठीत धपाटा. आणि बिडी जळती ठेवायची तर वाटेत एक झुरका मारावाच लागतो. आजोबांची बिडी, बापाची बिडी, गड्यांची बिडी, कधी आईची. मंदा बालवाडीच्या वयापासून हे करत होती आणि हुशार होती, तिची बिडी कधी विझायची नाही. सगळे तिचं कौतुक करत.

मी शिकून खामगावला शिक्षिका झाले. मंदा सातवी झाल्यावर वहिनीनंच हट्ट धरला, "माह्या पोरीले तुमच्याजोळ न्या. थे मॅट्रिक झाली पाह्यजे." माझ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ती आली, वर्गात पहिल्या पाचांत यायला लागली. आणि पंधराव्या वर्षी एका दुपारी घरमालकीणबाईंनी तिला गच्चीवर, वाळत घातलेल्या गाद्यांच्या आडोशाला, बिडी ओढताना पकडलं. मी तिला मारलं नाही. शेजारी बसवून विचारलं, काऊन व? ती म्हणाली, "आत्या, घरची लय याद आली का मले हाच वास पाह्यजे." पण गाव काय बोललं ते ऐका. घरमालकीणबाईंनी चारचौघांत सांगितलं, खामगावहून ते जानेफळला पोचलं, आणि भाऊ पुढच्याच गाडीनं येऊन मंदाला घेऊन गेला. शाळा बंद, आता स्थळ पाहायचं. त्याच वर्षी तेरा वर्षांचा बबन गड्यांच्या बरोबरीनं बिडी फुंकत होता, आणि भाऊ म्हणत होता, पोट्टं मोठं झालं!

दिवाळीच्या सुट्टीत मी भांडायला गावी गेले. कपाशीची वेचणी चालू होती, घर माणसांनी भरलेलं. ओसरीवर बाबा, भाऊ, आई आणि दोघं-तिघं शेजारी. सगळ्यांचा निकाल आधीच झाला होता, पोरगी पोटातूनच शिकून आली. आई म्हणाली, "हिनं पोटात घातली, थे आता बाहीर निंगून राह्यली." वहिनी दाराआड उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, "माय, तिच्या हातात पह्यली बिडी कोनं देल्ली?" आई म्हणाली, "मी देल्ली थे डोहाळ्याची. थे अलग." आता या 'अलग'पुढे काय डोकं फोडायचं! मी निघण्याआधी खामगावच्या एका डॉक्टरीणबाईंना मुद्दाम भेटून आले होते. आईच्या रक्तातून ते विष बाळापर्यंत पोचतं, बाळ कमी वजनाचं होतं, पुढे त्याची ओढही लागत असेल, असं त्या म्हणाल्या होत्या. पण पंधराव्या वर्षी मूल बिडी धरतं ते पोटातल्या धुरानं की घरातल्या, हे कोण वेगळं काढणार? तुम्ही दोन्ही बंद करा, असं त्यांचं म्हणणं. हे मी ओसरीवर सांगितलं. त्यातलं निम्मंच सगळ्यांनी ऐकलं, पोटातलं. घरातलं कोणी ऐकलंच नाही, कारण प्रत्येकाच्या हातात एक होती. भाऊ ठिणग्या झाडत म्हणाला, "जिची माय सोडत नाई, थे पोट्टी काय सोडीन?"

तेव्हा वहिनी दाराबाहेर आली. सासरा-नवरा बसले असताना ती ओसरीवर अशी कधी आली नव्हती. म्हणाली, "मी सोडीन. आजपासून. तुमी पोरीले शाळंत जाऊ द्या." आणि कनवटीची बिड्यांची पत्र्याची डबी काढून तिनं सगळ्यांसमोर खाली ठेवली. चारचौघांत बोललेला शब्द, भावाला हो म्हणावं लागलं. मंदा माझ्याबरोबर परत आली. मागे राहिलेल्या वहिनीचं मात्र त्या घरानं काय करून टाकलं! सगळं गाव तिच्या तोंडाकडे डोळे लावून बसलं. विहिरीवरच्या बाया विचारायच्या, सुटली काय व? भाऊ संध्याकाळी जवळ येऊन तिचा वास घ्यायचा, स्वतःची बिडी ओढून झाल्यावर! तिचे हात कापायचे, कशावरूनही रडायला यायचं. त्यावर कोणी म्हणालं नाही की आम्हीही आठ दिवस तुझ्यासमोर पेटवत नाही. होळीच्या सुमाराला ती गोठ्यामागे सापडली. भावानं तिला ओसरीवर बोलावून शेजाऱ्यांना सांगितलं, "पाहा, हे सोडनार होती!" आणि सगळे हसले. परीक्षा तोंडावर होती, मी मंदाला परत पाठवलं नाही, भावाच्या दोन निरोपांना उत्तरही दिलं नाही. ती मॅट्रिक झाली. निकालाचे पेढे घेऊन गेले तेव्हा वहिनी मला म्हणाली, "बाई, आता कधी सोडली तं कोनाले सांगनार नाई. सुटली तं सुटली, नाई तं नाई." मला ती पळवाट वाटली.

पुढे मंदाचं लग्न सुलतानपूरला झालं. घर बरं आहे, जावई शांत आहे. मंदाची बिडी माझ्याकडे असेपर्यंत सुटली होती. सासरी काय, ते मी विचारलं की ती विषय बदलायची. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली आणि दिवस राहिल्याचं वहिनीला सांगून गेली. सुट्टीत मी जानेफळला गेले तेव्हा वहिनीचा खोकला अंगणातूनच ऐकू आला. वाळून काडी झाली होती. गालात काहीतरी चघळत होती, सुपारी असेल असं मला वाटलं. बोलता बोलता तिचा हात कनवटीच्या डबीकडे गेला आणि माझा तोल सुटला. मी वाट्टेल ते बोलले. नातवंडाचं तोंड पाहायचं आहे की नाही, पोरीसमोर पुन्हा तेच करणार आहेस का... ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं बाई, नाई काढत डबी. तुमचं खरं हाय." आणि हसली. ती आमची शेवटची भेट. मी रागातच गाडीत बसले आणि ती नेहमीप्रमाणे हात हलवत फाट्यावर उभी राहिली.

तेराव्याला घरात पाहुणे होते. स्वयंपाकाचा वास सोसेना म्हणून मंदा परसात गेली आणि तिथे ओकून, भिंतीला टेकून बसली. मी पाठीवर हात फिरवत होते. ओसरीवर भावानं बिडी पेटवली. धूर आमच्याकडे आला, आणि मंदा डोळे मिटून म्हणाली, "आत्या, बाबाच्या बिडीचा वास आला का बरं वाटते." तीच भिंत, जवळपास तेच शब्द. आणि आई, आता दिसत नाही तिला धड, पण ऐकू सगळं येतं... दारातून म्हणाली, "नाई म्हनू नोको तिले. लेकराचं मागनं हाय. तिच्या मायची डबी दिवळीत असीन पाहा, दे तिले एक."

मी उठले. चुलीजवळच्या भिंतीतल्या दिवळीतून ती डबी ओढून काढली आणि उकिरड्यावर भिरकावायला हात उचलला. डबी वाजली. खळखळ वाजली. बिड्या अशा वाजत नाहीत. मी झाकण उघडलं, तर आत चिंचोके. भाजलेले, सोललेले, मीठ लावलेले. बिडी एकही नाही, फक्त पत्र्याला जुना वास. मला काही कळेना. तेवढ्यात पाण्याचा हंडा घेऊन सरूकाकू आली, माझ्या हातातली डबी पाहून थबकली आणि तिनं हंडा खाली ठेवला. "आखाजीपासून सोडली होती तिनं," ती म्हणाली. "पोरीचं समजलं त्याच दिवसापासून. मले म्हने, काकू, कोनाले सांगू नोका, मांगच्या वक्ती साऱ्यायनं दिवस मोजून मोजून बुडवलं मले. चिंचोके माह्या चुलीवर भाजाची ती. गोठ्यामांगं जाऊन हेच चावत बसे, आन् घरचे समजत..." ओटीत बिडीचा कट्टा टाकणारी तीच सरूकाकू.

म्हणजे त्या दिवशी तिच्या गालात चिंचोका होता. मी एवढं तोंड सोडलं, आणि तिनं मला सोडू दिलं! डबी उघडून दाखवली असती तर? तुमचं खरं हाय, म्हणे! कशाला होतं माझं खरं? मला तिचा इतका राग आलाय की ती समोर असती तर मी पुन्हा भांडले असते. आणि तिचं तरी काय चुकलं? या घरात बाईला बिडी लागली ती सगळ्यांच्या देखत, आणि सोडायची तर कोणाला कळू न देता. मंदानं माझ्या हातातून डबी घेतली, एक चिंचोका तोंडात टाकला आणि दाढेखाली धरला. आई विचारत होती, "देल्ली काय व? पेटवली काय?" ओसरीवर भावाची बिडी चालूच होती.

डबी मंदा सुलतानपूरला घेऊन गेली. परवा मधल्या सुट्टीत शिपायानं पुन्हा बोलावलं. फाटकाशी तोच कंडक्टर, हातात बिडी. "बाई, मंदीचा निरोप हाय. लोनारच्या गाडीवाल्यानं आनला. डबी सरली म्हने, अजून पाठवा." मी म्हटलं, "आधी थे बिडी विझव, मंग बोल." मग चपलेखाली घासून त्यानं ती विझवली, आणि उरलेली अर्धी कानावर खोचली, नंतरसाठी. संध्याकाळी घरी येऊन चिंचोके भाजायला घेतले. ते तडतडायला लागले की टरफलाचा धूर होतो, खोलीभर होतो. मला आधी ठाऊक नव्हतं... वहिनीला एवढा खोकला असताना तिनं हा धूर कसा सोसला असेल! मी खिडकी उघडली आणि पदराचं टोक नाकाला लावलं.